शेल आधी ओळ वाचतो, प्रोग्राम नंतर चालतो: कमांड, आउटपुट आणि सेटिंग्ज यांविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुर्ल्यातील एका मालवाहतूक कार्यालयात रोजच्या डिलिव्हरीच्या नोंदी स्थानकाच्या नावाने वेगवेगळ्या सीएसव्ही फाइलींत साठतात आणि प्रश्नकर्त्याने लिहिलेली बॅश स्क्रिप्ट त्या सगळ्या एकत्र करून अहवाल तयार करते (बॅश हा एक शेल, म्हणजे टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम). अडचणी तीन आहेत. दादर आणि कुर्ला यांच्या नोंदी अहवालात येतात, पण ग्रँट रोड आणि लोअर परळ यांच्या येत नाहीत. आउटपुट लॉग फाइलमध्ये वळवूनही एरर मात्र स्क्रीनवरच उमटतात. आणि टर्मिनलवर हाताने नीट चालणारी हीच स्क्रिप्ट रात्री क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या सोयीत) लावली की चालत नाही, जरी ‘.बॅशआरसी’ फाइलमध्ये सगळ्या सेटिंग्ज लिहिलेल्या आहेत. शेल कधी ऐकतो आणि कधी ऐकत नाही याला काही नियम आहे का, असे शेवटी विचारले आहे.

नियम आहे, आणि तीनही अडचणी त्या एकाच नियमातून निघालेल्या आहेत. तुम्ही एंटर दाबल्यावर शेल ती ओळ आधी स्वतः वाचतो, तिच्यात आपले फेरफार करतो, आउटपुट कुठे जायचे ते पाहून तशी जोडणी करून ठेवतो, आणि मग एका नव्या प्रोसेसमध्ये, म्हणजे शेलपासून वेगळ्या चालणाऱ्या कामात, प्रोग्राम सुरू करून तो संपण्याची वाट पाहत थांबतो. प्रोग्रामच्या हाती पडते ते शेलने तयार करून दिलेले. तुम्ही टाइप केलेली मूळ ओळ त्याला कधीच दिसत नाही. लोकलच्या मार्गावरचे सांधे गाडी येण्याआधी केबिनमधून बदलले जातात, मोटरमन ते बदलत नाही. शेलचे काम त्या केबिनचे आहे. मी पंचवीस वर्षे मुंबईतल्या लहानमोठ्या कार्यालयांचे सर्व्हर सांभाळतो आहे, आणि शेलविषयीच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकींत केबिनने केलेल्या कामाचा जाब मोटरमनला विचारलेला असतो.

पुढे कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत; टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायच्या.

आधी गाळलेल्या फाइलींकडे पाहू. तुम्ही पाठवलेल्या स्क्रिप्टमधली मुख्य ओळ अशी आहे:

फॉर एफ इन $(एलएस); डू कॅट $एफ >> अहवाल; डन

इथे ‘एलएस’ फोल्डरमधल्या फाइलींची नावे देते, ‘कॅट’ फाइलचा मजकूर छापते आणि ‘>>’ तो अहवालाच्या शेवटी जोडते. या ओळीतला दोष समजण्यासाठी शेल कोणत्या क्रमाने फेरफार करतो ते माहीत असावे लागते. बॅश प्रथम महिरपी कंसांचा विस्तार करतो, नंतर ‘~’, ‘$’ने सुरू होणारी व्हेरिएबले (किंमत साठवणारी नावे), अंकगणित आणि ‘$( )’मधल्या कमांडचे आउटपुट या सगळ्यांच्या जागी त्यांची किंमत भरतो, त्यानंतर, या भरलेल्या भागाभोवती अवतरणचिन्हे नसतील, तर त्याचे शब्दांत तुकडे करतो, त्यानंतर ‘*’ आणि ‘?’ यांच्या जागी जुळणाऱ्या फाइलींची नावे घालतो. आणि सर्वांत शेवटी उरलेली अवतरणचिन्हे काढून टाकतो. तुकडे कुठे करायचे हे ‘आयएफएस’ नावाच्या व्हेरिएबलवर ठरते आणि त्याची मूळची किंमत स्पेस, टॅब आणि नवी ओळ ही तीन चिन्हे असते. म्हणजे ‘$(एलएस)’ची किंमत भरल्यावर ‘ग्रँट रोड.सीएसव्ही’ या एका नावाचे ‘ग्रँट’ आणि ‘रोड.सीएसव्ही’ असे दोन शब्द होतात, ‘कॅट’ त्या दोन नावांच्या फाइली शोधते, आणि दोन्ही नसल्यामुळे दोन एरर देऊन लूप पुढे सरकतो. ‘दादर’मध्ये स्पेस नाही, म्हणून दादर वाचला.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर एक छोटी कमांड आहे, जी मी नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी देतो:

प्रिंटएफ '<%एस>\एन' $एफ

‘प्रिंटएफ’ला जितके शब्द मिळतात तितक्या ओळी ती छापते आणि प्रत्येक शब्द टोकदार कंसांत दिसतो. ‘$एफ’ची किंमत ‘ग्रँट रोड.सीएसव्ही’ असेल, तर तुम्हाला <ग्रँट> आणि <रोड.सीएसव्ही> अशा दोन ओळी दिसतील. आता ‘$एफ’भोवती दुहेरी अवतरणचिन्हे घाला, की <ग्रँट रोड.सीएसव्ही> ही एकच ओळ येईल. शेलने प्रोग्रामच्या हाती नेमके काय दिले हे दाखवणारे याहून सोपे साधन मला माहीत नाही, आणि शंका आली की मी आजही आधी हीच ओळ टाइप करतो.

तुमची ओळ अशी लिहायला हवी:

फॉर एफ इन *.सीएसव्ही; डू कॅट "$एफ" >> अहवाल; डन

इथे दोन बदल आहेत आणि दोन्ही आवश्यक आहेत. ‘एलएस’ गेली आणि तिच्या जागी ‘*.सीएसव्ही’ आले, वर सांगितलेल्या क्रमात फाइलींची नावे भरण्याची पायरी शब्दांचे तुकडे करण्याच्या पायरीनंतर येते, त्यामुळे या मार्गाने आलेल्या नावांचे पुन्हा तुकडे होत नाहीत. आणि लूपच्या आत "$एफ" अवतरणचिन्हांत आहे, नाहीतर तिथे पुन्हा तीच मोडतोड झाली असती. फोल्डरमध्ये एकही सीएसव्ही फाइल नसेल, तर बॅश ‘*.सीएसव्ही’ हा मजकूर जसाच्या तसा पुढे पाठवतो. ‘शॉप्ट -एस नलग्लॉब’ ही सेटिंग स्क्रिप्टच्या सुरुवातीला लिहिली की तसे होणार नाही.

तुमच्या सहकाऱ्याच्या मॅकवर ‘कॅट $एफ’ अवतरणचिन्हांशिवायही चालते असे तुम्ही लिहिले आहे, तेही खरे आहे. ॲपलने २०१९च्या कॅटालिना आवृत्तीपासून मॅकवरचा मूळ शेल झेडशेल केला, आणि झेडशेल नुसत्या व्हेरिएबलच्या किमतीचे तुकडे करत नाही. पण ज्या स्क्रिप्टला लिनक्स सर्व्हरवर चालायचे आहे तिची परीक्षा मॅकच्या शेलवर घेणे धोक्याचे आहे. व्हेरिएबल दिसले की भोवती दुहेरी अवतरणचिन्हे, ही सवय हाताला लावून घ्यावी. ती कोणत्याच शेलमध्ये आड येत नाही.

फेरफारांच्या या पायऱ्यांमध्ये अंकगणिताचीही एक पायरी आहे, आणि तिथला एक खड्डा मी स्वतः अनुभवलेला आहे. पश्चिम उपनगरातील एका कार्यालयासाठी मी पावसाळ्याचा मासिक अहवाल काढणारी स्क्रिप्ट लिहिली होती, जी ‘डेट +%एम’ने चालू महिन्याचा अंक घेऊन त्यातून १ वजा करत असे. जूनमध्ये चालली, जुलैमध्ये चालली, आणि १ ऑगस्टच्या पहाटे बंद पडली. ‘डेट’ महिना दोन अंकांत देते, म्हणजे ०८. आणि शेलच्या अंकगणितात शून्याने सुरू होणारी संख्या अष्टमान पद्धतीची धरली जाते, जिच्यात ८ आणि ९ हे अंकच नाहीत. ०६ आणि ०७ दोन्ही पद्धतींत सारखेच असल्यामुळे दोन महिने दोष दिसलाच नव्हता. बॅशमध्ये ‘$((१०#$महिना - १))’ असे लिहिले की संख्या दशमान म्हणून वाचली जाते. तुमच्या स्क्रिप्टमध्ये कालची तारीख काढण्यासाठी दिवसाच्या अंकातून १ वजा केला आहे, त्यामुळे ती दर महिन्याच्या ८ आणि ९ तारखेला अडखळेल. शिवाय महिन्याच्या १ तारखेला उत्तर शून्य येईल. तिथे अंकगणित काढून टाका आणि ‘डेट -डी येस्टरडे’ वापरा. लिनक्सवरची ‘डेट’ कमांड हे स्वतः जाणते.

आता आउटपुटकडे येऊ. इथे थोडे सावकाश जाणे बरे, कारण ‘२>&१’ हे चिन्ह अनेक वर्षे पाठ करून वापरणारे लोकही त्याचा अर्थ विचारला की गडबडतात.

प्रत्येक प्रोग्राम सुरू होतो तेव्हा त्याला तीन वाटा आधीच उघडलेल्या मिळतात आणि त्यांना क्रमांक असतात: ० ही इनपुटची, १ ही नेहमीच्या आउटपुटची आणि २ ही एररची. प्रोग्रामला फक्त क्रमांक ठाऊक असतो. त्या क्रमांकाच्या पलीकडे स्क्रीन आहे, फाइल आहे की दुसरा प्रोग्राम आहे, हे ठरवण्याचे काम शेलने प्रोग्राम सुरू होण्याआधीच उरकलेले असते. नुसते ‘> लॉग’ लिहिले तर फक्त १ क्रमांकाची वाट फाइलकडे वळते. २ क्रमांकाला कोणी हात लावलेला नसतो, म्हणून एरर स्क्रीनवर येतात. दोन वेगळ्या वाटा ठेवण्यामागचा हेतूच हा आहे की आउटपुट पुढे पाठवले तरी तक्रार माणसाच्या नजरेस पडावी.

तुम्ही ‘२>&१’ लिहूनही एरर स्क्रीनवरच आले, कारण तुम्ही ते असे लिहिले होते:

./अहवाल.एसएच २>&१ > लॉग

शेल ही वळणे डावीकडून उजवीकडे, एकेक करून अमलात आणतो. ‘२>&१’चा अर्थ ‘यापुढे २ने १च्या मागोमाग जावे’ असा नाही; त्याचा अर्थ ‘१ या क्षणी जिथे जोडलेला आहे तिथेच २लाही जोडा’ असा आहे. वरच्या ओळीत शेल ‘२>&१’पाशी पोहोचतो तेव्हा १ अजून स्क्रीनला जोडलेला असतो, म्हणून २ स्क्रीनला जोडला जातो; त्यानंतर १ फाइलकडे जातो, पण २ जिथे होता तिथेच राहतो. क्रम उलटा करा:

./अहवाल.एसएच > लॉग २>&१

आता १ आधी फाइलकडे गेला, मग २ त्याच जागी जोडला गेला, आणि दोन्ही लॉगमध्ये आले. ‘इथे’ आणि ‘या क्षणी’ हे दोन शब्द लक्षात ठेवले की हा क्रम पुन्हा कधी पाठ करावा लागत नाही.

वळण शेल करतो आणि तेही प्रोग्राम सुरू होण्याआधी, याचे आणखी दोन परिणाम सांगायलाच हवेत. पहिला असा की ‘सॉर्ट यादी > यादी’ असे लिहिल्यास यादी कायमची रिकामी होते. शेल ‘>’ पाहून फाइल आधीच कोरी करतो आणि ‘सॉर्ट’ जागी होते तेव्हा वाचायला काहीच उरलेले नसते. फोर्टमधील एका कार्यालयात ग्राहकांची पूर्ण यादी अशी गेलेली मी पाहिली आहे, आणि ती टाइप करणाऱ्या मुलीने आदल्या रात्रीचा बॅकअप मिळेपर्यंत पाण्याचा घोटही घेतला नव्हता. तिची चूक नव्हती. तिला हे कोणी सांगितलेच नव्हते. ‘सॉर्ट -ओ यादी यादी’ सुरक्षित आहे, कारण तिथे फाइलमध्ये लिहिण्याचे काम सॉर्ट स्वतः, सगळे वाचून झाल्यावर करते. ‘सेट -ओ नोक्लॉबर’ ही सेटिंग लावली तर असलेल्या फाइलवर ‘>’ने लिहायला शेल नकार देतो, आणि खरोखरच लिहायचे असेल तेव्हा ‘>|’ वापरता येते.

दुसरा परिणाम ‘सूडू’चा, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवण्याच्या सोयीचा. ‘सूडू एको मजकूर > /ईटीसी/फाइल’ ही कमांड परवानगी नाकारते, कारण ‘सूडू’चा अधिकार ‘एको’ला मिळतो, पण फाइल उघडणारा तुमचा स्वतःचा शेल असतो आणि त्याला तो अधिकार नसतो. ‘एको मजकूर | सूडू टी /ईटीसी/फाइल’ असे लिहिल्यावर फाइल ‘टी’ (मिळालेला मजकूर फाइलमध्येही आणि स्क्रीनवरही लिहिणारी कमांड) उघडते, आणि तिच्यापाशी अधिकार असतो.

पाइपविषयी, म्हणजे ‘|’ या चिन्हाविषयी, थोडक्यात. एका प्रोग्रामचे आउटपुट दुसऱ्याच्या इनपुटला जोडण्याची कल्पना डग मॅकिलरॉय यांनी १९६४ साली बेल लॅब्जमध्ये मांडली होती आणि केन थॉम्पसन यांनी ती १९७३ साली युनिक्समध्ये आणली. पाइपचे दोन्ही बाजूंचे प्रोग्राम एकाच वेळी चालू असतात, डावा संपल्यावर उजवा असे नसते; लिनक्सवर मधल्या पाइपात सहसा ६५,५३६ बाइट मावतात आणि तो भरला की लिहिणारा थांबून राहतो. तुमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट मात्र निकालाची आहे. प्रत्येक कमांड संपताना एक अंक मागे ठेवते. ० म्हणजे काम झाले, इतर काहीही म्हणजे बिनसले, आणि ‘$?’मध्ये तो वाचता येतो. पाइपलाइनचा निकाल मात्र शेवटच्या कमांडचा धरला जातो. म्हणून ‘./अहवाल.एसएच | टी लॉग’ यात अहवाल पूर्ण फसला तरी ‘टी’ने आपले काम केलेले असल्यामुळे ‘$?’ ० दाखवते. स्क्रिप्टच्या वरच्या भागात ‘सेट -ओ पाइपफेल’ लिहा, म्हणजे मधला कोणीही फसला तरी तो निकालात दिसेल.

लॉग फाइल बराच वेळ रिकामी दिसते आणि मग एकदम भरते, ही जी तुमची उपतक्रार आहे, तिचा शेलशी संबंध नाही. १ क्रमांकाच्या पलीकडे टर्मिनल असेल तर बहुतेक प्रोग्राम प्रत्येक ओळ लगेच सोडतात. फाइल किंवा पाइप असेल तर मजकूर काही हजार बाइटपर्यंत साठवून मग एकदम लिहितात. २ क्रमांकाचे आउटपुट सहसा असे साठवले जात नाही, म्हणून लॉगमध्ये एरर आधी आणि त्यापूर्वी घडलेल्या कामाच्या ओळी नंतर असा उलटा क्रमही दिसतो. ‘एसटीडीबफ -ओएल’ पुढे लावून अनेक प्रोग्रामांची ही सवय बदलता येते.

राहिला प्रश्न सेटिंग्जचा, आणि माझ्या मते तुमचा सर्वाधिक वेळ यातच गेला आहे.

शेलमध्ये ‘नाव=किंमत’ असे लिहिले की ते व्हेरिएबल त्या शेलपुरते असते. ‘एक्सपोर्ट’ केले की पुढे सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला त्याची प्रत मिळते. प्रत हा शब्द इथे शब्दशः घ्यावा: नव्या प्रोसेसने आपल्या प्रतीत काहीही बदल केला तरी मूळ शेलला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणूनच ‘./सेटिंग.एसएच’ चालवून काहीच बदललेले दिसत नाही, पण ‘. ./सेटिंग.एसएच’ असे, आधी टिंब आणि स्पेस देऊन, लिहिले की बदल टिकतात. पहिल्या वेळी ती फाइल एका नव्या प्रोसेसने वाचली आणि ती प्रोसेस आपल्या प्रतीसकट संपली, दुसऱ्या वेळी ती तुमच्या शेलने स्वतः वाचली. याच कारणामुळे ‘सीडी’ हा वेगळा प्रोग्राम असून भागत नाही आणि ती कमांड शेलच्या पोटातच असावी लागते, कारण वेगळ्या प्रोसेसने आपले फोल्डर बदलले तरी तुमचा शेल जागचा हलणार नाही. वारशाने मिळणारी ही प्रत निरुपद्रवी असतेच असेही नाही: सप्टेंबर २०१४मध्ये उघड झालेला शेलशॉक नावाचा बॅशमधला दोष हाच होता की एन्व्हायर्नमेंटमधून (वारशाने मिळणाऱ्या व्हेरिएबलांच्या संचातून) आलेल्या व्हेरिएबलच्या मजकुरातील कमांड बॅश सुरू होतानाच चालवून टाकत असे.

आता ‘.बॅशआरसी’. बॅश सुरू होताना कोणती फाइल वाचायची ते तो कशासाठी सुरू झाला आहे यावर ठरवतो. लॉगिन शेल असेल तर ‘/ईटीसी/प्रोफाइल’ आणि त्यानंतर घरच्या फोल्डरमधल्या ‘.बॅश_प्रोफाइल’, ‘.बॅश_लॉगिन’, ‘.प्रोफाइल’ या तिघांपैकी जी आधी सापडेल ती एकच. टर्मिनलमध्ये उघडलेला, पण लॉगिन नसलेला शेल असेल तर ‘.बॅशआरसी’. आणि स्क्रिप्ट चालवण्यासाठी सुरू झालेला शेल असेल तर यांपैकी एकही नाही. तुम्ही हाताने स्क्रिप्ट चालवता तेव्हाही ती ‘.बॅशआरसी’ वाचत नाही. तिला त्या सेटिंग्ज मिळतात त्या तुमच्या टर्मिनलच्या शेलकडून, एक्सपोर्टच्या प्रतींतून. रात्री क्रॉन ती चालवतो तेव्हा वरती तुमचा शेलच नसतो, मग प्रत देणार कोण?

स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच ‘.बॅशआरसी’ टिंब देऊन वाचून घेतली तरी काही झाले नाही, असे तुम्ही लिहिले आहे. उबुंटूवर मूळच्या ‘.बॅशआरसी’च्या वरच्या काही ओळी नीट पाहा. तिथे एक अट आहे, जी शेल माणसाशी संवाद साधणारा नसेल तर तिथूनच परत फिरवते. त्याखाली तुम्ही लिहिलेल्या ओळींपर्यंत स्क्रिप्ट पोहोचतच नाही. ती अट काढू नका, ती योग्य कारणासाठी आहे. त्याऐवजी अहवालाला लागणारी व्हेरिएबले एका वेगळ्या छोट्या फाइलमध्ये ठेवा आणि ती स्क्रिप्टमध्येही वाचा आणि ‘.बॅशआरसी’तूनही वाचा. आणि ‘एलियास’वर (कमांडला दिलेल्या टोपणनावावर) स्क्रिप्टमध्ये विसंबू नका, कारण स्क्रिप्ट चालवताना बॅश एलियास उलगडत नाही, तिथे फंक्शन लिहावे.

क्रॉनमध्ये आणखी तीन गोष्टी वेगळ्या असतात आणि तुमच्या बाबतीत तीनही लागू आहेत. क्रॉनमधला ‘पाथ’ (कमांड कोणत्या फोल्डरांत शोधायच्या त्यांची यादी) बहुधा ‘/यूएसआर/बिन:/बिन’ एवढाच असतो, त्यामुळे ‘/यूएसआर/लोकल/बिन’मध्ये तुम्ही बसवलेले साधन त्याला सापडत नाही; स्क्रिप्टच्या वरच पूर्ण ‘पाथ’ लिहा. क्रॉन आपली ओळ ‘/बिन/एसएच’कडे देतो, आणि उबुंटूवर २००६च्या ६.१० आवृत्तीपासून ‘/बिन/एसएच’ म्हणजे बॅश नसून डॅश नावाचा लहान आणि वेगवान शेल आहे, ज्याला ‘[[’ कळत नाही आणि ‘सोर्स’ही कळत नाही; म्हणून स्क्रिप्टची पहिली ओळ ‘#!/बिन/बॅश’ हवीच. आणि क्रॉनटॅबच्या (क्रॉनची कामे लिहिलेल्या फाइलच्या) ओळीत ‘%’ या चिन्हाचा अर्थ नवी ओळ असा होतो, त्यामुळे तुम्ही तिथे थेट लिहिलेली ‘डेट +%एफ’ मध्येच तुटते. ‘%’च्या आधी उलटी तिरकी रेघ द्या, किंवा माझे ऐकाल तर तारखेचे सगळे काम स्क्रिप्टच्या आत न्या.

वेळेचेही पाहा. तुमचा सर्व्हर क्लाउडवर आहे आणि असे सर्व्हर बहुधा यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर) लावलेले असतात. तिथले रात्रीचे २ म्हणजे आपल्याकडे सकाळचे ७:३०. अहवाल ‘उशिरा येतो’ ही तुमच्या साहेबांची तक्रार इथून आलेली दिसते. उलट मध्यरात्र ते पहाटे ५:३० या वेळात मुंबईत तारीख बदललेली असते आणि सर्व्हरवर आदल्याच दिवसाची असते, म्हणून त्या वेळात चालणाऱ्या स्क्रिप्टने काढलेली ‘कालची’ तारीख परवाची निघते. स्क्रिप्टमध्ये ‘एक्सपोर्ट टीझेड=एशिया/कोलकाता’ लिहिल्यास तारीख दुरुस्त होईल, पण क्रॉनची वेळ सर्व्हरच्या घड्याळावरच चालत राहील; पहाटे २ला हवा असेल तर क्रॉनटॅबमध्ये आदल्या रात्रीचे ८:३० लिहावे लागतील.

भाषेची सेटिंगही एन्व्हायर्नमेंटमधूनच येते. ‘प्रिंटएफ मुंबई | डब्ल्यूसी -एम’ ही चिन्हे मोजणारी कमांड टर्मिनलवर ५ असे उत्तर देते, कारण म, उकार, अनुस्वार, ब आणि ई ही युनिकोडमधली पाच चिन्हे आहेत. हीच कमांड ‘एलसी_ऑल=सी’ असलेल्या वातावरणात १५ सांगते, कारण तिथे बाइट मोजले जातात आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइटचे असते. क्रॉनमध्ये तुमची टर्मिनलवरची ‘लँग’ मिळेलच असे नाही, आणि तुमच्या अहवालात मराठी पत्ते आहेत; ‘एक्सपोर्ट लँग=सी.यूटीएफ-८’ ही ओळ पाथच्या खालीच लिहून टाका.

हे सगळे बदलल्यावर रात्रीची वाट पाहू नका. क्रॉनसारखे उघडेबोडके वातावरण टर्मिनलवरच तयार करता येते:

ईएनव्ही -आय होम="$होम" पाथ=/यूएसआर/बिन:/बिन /बिन/एसएच -सी './अहवाल.एसएच > लॉग २>&१'; एको $?

‘ईएनव्ही -आय’ आधी सगळ्या वारशाच्या प्रती काढून टाकते आणि फक्त पुढे लिहिलेली दोन व्हेरिएबले देते. शेवटी १२७ आले तर कमांड सापडलेली नाही, म्हणजे पाथ तपासा. १२६ आले तर फाइल सापडली पण तिला चालवण्याची परवानगी नाही. १ किंवा २ आले तर कारण लॉगच्या शेवटच्या काही ओळींत असेल, आणि काही उलगडले नाही तर त्या ओळी जशाच्या तशा मला पाठवा.